एसआरई लुसिफरेज रिपोर्टर किट: सिग्नल पोचला का ते सांगतं, जीन चालू झाला का ते नाही

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना इथूनच परत जाता येईल. हे किट, म्हणजे पेशीला बाहेरून मिळालेला निरोप आत डीएनएपर्यंत पोचला का ते प्रकाश मोजून सांगणारा संच, चांगलं आहे, मी परत घेईन, पण डब्यावर जे छापलंय की ग्रोथ फॅक्टरने जीन चालू होतो का ते मोजा, ते अर्धंच खरं आहे आणि उरलेल्या अर्ध्यासाठीच हा एवढा लांबलचक रिव्ह्यू लिहितेय. कंपनीचं नाव घेत नाही, कारण असे किट बरेच जण विकतात, आत साधारण तोच माल असतो, त्यामुळे तक्रारी एकट्या कुणाच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

हे किट कशावर उभं आहे ते आधी बघू, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. पेशींना सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) दिलं, किंवा ईजीएफ, पीडीजीएफ असले ग्रोथ फॅक्टर (पेशीला वाढायचा इशारा देणारी प्रोटीन्स) दिले, की काही जीन्स मिनिटांत जागे होतात. त्यातला सगळ्यात गाजलेला सी-फॉस. १९८४ मध्ये ग्रीनबर्ग आणि झिफ यांनी उंदराच्या ३टी३ पेशींवर हे दाखवलं आणि मोठी खळबळ झाली, कारण तोवर ग्रोथ फॅक्टरचा परिणाम म्हणजे तासांचं काम असाच सगळ्यांचा समज होता. आणि गंमत म्हणजे यासाठी पेशीला नवीन प्रोटीन बनवावं लागतच नाही, सायक्लोहेक्झिमाइड टाकून प्रोटीन बनवणं बंद पाडलं तरी फॉस चालू होतो, उलट जास्तच चढतो. म्हणजे लागणारी सगळी यंत्रणा आधीपासून पेशीत तयार बसलेली असते, फक्त कुणीतरी तिला इशारा द्यायचा बाकी असतो.

मग प्रश्न आला की हा इशारा डीएनएच्या नेमक्या कुठल्या तुकड्यावर येऊन पोचतो. १९८५ मध्ये रिचर्ड ट्रिस्मनने माणसाचा फॉस जीन घेऊन त्याचे तुकडे पाडत पाडत बघितलं आणि जिथून आरएनए सुरू होतो त्याच्या साधारण ३०० बेस (डीएनएची अक्षरं) अलीकडे एक छोटासा भाग सापडला, जो माणसात आणि उंदरात जवळपास जसाच्या तसा टिकून राहिलाय आणि जो काढला की सीरमचा परिणामच जातो. हाच तो सीरम रिस्पॉन्स एलिमेंट, एसआरई. पुढच्याच वर्षी त्यावर बसणारं प्रोटीनही हाती लागलं, आणि १९८८ मध्ये त्याचा जीन क्लोन झाला, ते एसआरएफ. योगायोग बघा, १९८६ लाच ग्रोथ फॅक्टर शोधल्याबद्दल स्टॅन्ली कोहेन आणि रीटा लेव्ही-मोन्ताल्चिनी यांना नोबेल मिळालं, म्हणजे एका टोकाला पेशीबाहेरच्या रेणूंना बक्षीस आणि दुसऱ्या टोकाला पेशीच्या आत त्याच निरोपाचा शेवटचा पत्ता शोधला जातोय.

किटमध्ये हा पत्ताच विकायला ठेवलाय.

डब्यात काय येतं ते सांगते. एक प्लाझ्मिड (पेशीत घालायचा डीएनएचा गोल तुकडा), ज्यात एसआरईच्या पाच कॉप्या एकामागून एक, त्यापुढे एक अगदी साधा, स्वतःचं फारसं काही न करणारा प्रमोटर (जीन वाचायला जिथून सुरुवात होते तो भाग) आणि त्यापुढे काजव्याच्या लुसिफरेजचा, म्हणजे प्रकाश पाडणाऱ्या एन्झाइमचा, जीन. दुसरं प्लाझ्मिड रेनिला या समुद्री जीवाच्या लुसिफरेजचं, नॉर्मलायझेशनसाठी, म्हणजे कुठल्या पेशींनी किती डीएनए घेतला हा फरक काढून टाकायला. तिसरं म्युटंट, ज्यात एसआरई मोडलेला आहे. शिवाय पेशी फोडायचा लायसिस बफर आणि दोन रिएजंट, पहिलं टाकलं की काजव्याचं लुसिफरेज चमकतं, त्याचं रीडिंग घ्यायचं, दुसरं टाकलं की ते विझतं आणि रेनिलाचं लागतं. एकाच वेलमधून (प्लेटमधल्या एका खळग्यातून) दोन आकडे, भागाकार करा, झालं. पॅकिंग नीट होतं, ट्यूबवरची लेबलं फ्रीझरमध्ये ठेवूनही पुसली गेली नाहीत (हे वाचून हसू नका, ज्यांनी बिनलेबलच्या ट्यूब हातात घेऊन दुपार घालवलीय त्यांना कळेल).

आता एसआरईची रचना, कारण इथेच खरी मजा आहे आणि मॅन्युअलमध्ये यावर चार ओळी लिहून सोडून दिलंय. मधला गाभा १० बेसचा: सी-सी-ए-टी-ए-टी-टी-ए-जी-जी. सुरुवातीला दोन सी, शेवटी दोन जी, मधे सहा जागा फक्त ए किंवा टी. याला कार्ग बॉक्स म्हणतात. दोन्ही बाजूंना अजून थोडं वाचलं तर दिसतं की डावीकडून वाचा की समोरच्या धाग्यावर उजवीकडून वाचा, कडांचा क्रम तोच येतो. कारण एसआरएफ जोडीने बसतं, दोन सारखे रेणू समोरासमोर, म्हणून क्रमही आरशासारखा. एसआरएफचा जो भाग डीएनए पकडतो त्याला मॅड्स बॉक्स म्हणतात आणि तोच नमुना यीस्टमध्ये आहे, फुलझाडांमध्ये पण आहे, तिथे त्या कुटुंबातली प्रोटीन्स पाकळ्या कुठे यायच्या आणि पुंकेसर कुठे हे ठरवतात. एवढा जुना हा नमुना.

पण नुसता कार्ग बॉक्स म्हणजे एसआरई नाही, आणि किट घेताना हे सगळ्यात जास्त बघायला हवं. फॉसच्या एसआरईमध्ये कार्गच्या लगेच शेजारी अजून एक छोटी जागा आहे, जी-जी-ए हा गाभा असलेली, तिथे टीसीएफ गटातली प्रोटीन्स बसतात: एल्क-१, सॅप-१ आणि नेट. ही एकटी तिथे नीट टिकत नाहीत, एसआरएफचा हात धरून बसतात. ग्रोथ फॅक्टर रिसेप्टरला लागला की रास, राफ, मेक, ईआरके अशी प्रोटीन्सची साखळी हलते, ईआरके केंद्रकात येऊन एल्क-१ वर फॉस्फेट चिकटवतं (३८३ आणि ३८९ नंबरच्या सेरीनवर मुख्यतः) आणि मग एल्क-१ पुढच्या यंत्रणेला, मीडिएटरला, हाक मारू शकतं. एक सूचना, सर्च करताना नुसतं टीसीएफ रिपोर्टर असं टाकलंत तर विंट नावाच्या दुसऱ्याच सिग्नलचं किट समोर येईल, ते टीसीएफ वेगळं, नाव तेवढं सारखं, ऑर्डर द्यायच्या आधी बघून घ्या.

आता जे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा विश्वास बसेना असं. १९८९ मध्ये हेरेरा, शॉ आणि नॉर्डहाइम यांनी जिवंत पेशीतल्या खऱ्या फॉस जीनवर एसआरई प्रोटीनने झाकलेला आहे का ते बघितलं. ग्रोथ फॅक्टर द्यायच्या आधी झाकलेला. देताना झाकलेला. जीन परत बंद झाल्यावरही झाकलेला, काही फरकच नाही. म्हणजे प्रोटीन येऊन बसलं की जीन चालू, उठून गेलं की बंद, असं जे चित्र शिकवताना सोपं म्हणून काढतात तसं इथे काही होत नाही. सगळी मंडळी आधीपासून जागेवर असतात, बदलतो तो फॉस्फेट. किटच्या ब्रोशरमध्ये नेमकं तेच चुकीचं चित्र छापलंय, बाणाने एल्क-१ उडत उडत येतंय. छपाई सुंदर आहे हं, पण चुकीचं ते चुकीचं.

वापरायचा अनुभव. मी एचईके२९३ (माणसाच्या) आणि एनआयएच ३टी३ (उंदराच्या) अशा दोन्ही पेशींवर चालवलं. एचईकेमध्ये ट्रान्सफेक्शन (पेशीत प्लाझ्मिड घालणं) आरामात होतं, ईजीएफला रिस्पॉन्स स्वच्छ येतो. ३टी३ मध्ये ट्रान्सफेक्शन नेहमीसारखं रडतखडत, पण सीरमला जो उसळी मारून आकडा येतो तो बघण्यासारखा असतो. पेशी रात्रभर ०.५ टक्के सीरमवर उपाशी ठेवायच्या, हे टाळू नका, कारण नेहमीच्या १० टक्के सीरममध्ये पेशींचं ईआरके थोडंफार चालूच असतं, मग बेसलाइन वर जाते आणि किटला नावं ठेवली जातात. मॅन्युअल इथे फार मोघम आहे, "योग्य वेळ उपाशी ठेवा" म्हणे. योग्य म्हणजे किती ते पेशी बघून ठरवायचं हे खरं, पण नवख्या माणसाला निदान एक आकडा तरी द्या ना. ईजीएफ १० ते १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटरमध्ये कुठेही चालतं. सोबत यू०१२६ हे मेक रोखणारं औषध १० मायक्रोमोलर घेऊन एक वेल नक्की ठेवा, आकडा खाली बसला तर तुमचा सिग्नल ईआरकेच्या रस्त्याने येतोय हे कळतं.

पाच कॉप्यांबद्दल. खऱ्या फॉस जीनमध्ये एसआरई एकच असतो, किटमध्ये पाच, म्हणजे एकाच गायकासमोर पाच माइक लावल्यासारखं, आवाज मोठा येतो पण मूळ गाणं किती जोरात होतं ते त्यावरून सांगता येत नाही. त्यामुळे अमुक पट वाढ झाली हा किटचा आकडा म्हणजे फॉस अमुक पट चढला असं कुणी लिहिलेलं दिसलं की मला राग येतो. दोन परिस्थितींची आपसात तुलना करा, औषध टाकलं आणि नाही टाकलं, इथवर ठीक आहे. बाय द वे, ईजीआर-१ या जीनजवळ निसर्गानेच बरेच एसआरई ठेवलेत, म्हणजे कॉप्या वाढवायची युक्ती कंपनीने शोधली असं काही नाही.

आता सगळ्यात मोठी तक्रार, वेळ. मॅन्युअल म्हणतं स्टिम्युलेशननंतर ५-६ तासांनी वाचा. का, तर लुसिफरेज साठायला वेळ लागतो. बरोबर आहे. पण फॉसचं खरं नाटक तोवर संपून पडदा पडलेला असतो! ट्रान्सक्रिप्शन काही मिनिटांत सुरू होतं, अर्ध्या तासाच्या आसपास उतरायला लागतं, आरएनए ३० ते ६० मिनिटांत शिखर गाठतो आणि मग भराभर नाहीसा होतो. तो नाहीसा होतो त्याचं कारण परत टिकून राहिलेल्या क्रमातच आहे, फक्त ते दुसऱ्या टोकाला. आरएनएच्या शेपटीकडे ए आणि यू यांनी भरलेला भाग असतो, ए-यू-यू-यू-ए असे तुकडे वारंवार येणारा, आणि तो आरएनएला लवकर मोडायला लावतो. ट्रिस्मनच्या त्या १९८५ च्या पेपरमध्ये हेही होतं, पुढे एसआरई हवा आणि मागे ही शेपटी हवी, दोन्ही असतील तरच तो थोडा वेळ चढून उतरणारा आलेख मिळतो. लोक पहिला अर्धा लक्षात ठेवतात आणि दुसरा विसरतात. किटने पण तेच केलंय, एसआरई घेतला आणि शेपटी सोडली, मागे काजव्याचं प्रोटीन लावलं जे पेशीत तासन्‌तास टिकतं. मग आलेख फक्त चढतो, उतरतच नाही. लवकर मोडणारं लुसिफरेज लावलेली आवृत्ती मिळते, ती थोडी बरी, पण तीसुद्धा मिनिटांचा खेळ दाखवू शकत नाही.

हे का महत्त्वाचं ते पीसी१२ या रॅटच्या पेशींवरून कळतं. त्यांना ईजीएफ दिलं की ईआरके थोडा वेळ चालू होऊन विझतं आणि पेशी वाढत राहतात, एनजीएफ (नर्व्ह ग्रोथ फॅक्टर) दिलं की तेच ईआरके तासन्‌तास चालू राहतं आणि पेशी न्यूरॉनसारखे लांब फाटे काढतात. फॉस दोन्हीकडे चालू होतो. फरक किती वेळ यात आहे, आणि जे मोजमाप सगळ्या वेळेची बेरीज करून एकच आकडा हातात देतं त्यात नेमका हाच फरक झाकला जातो. तुमचा प्रश्न "किती वेळ" असा असेल तर हे किट घेऊ नका, सरळ आरएनए काढा, ०, १५, ३०, ६० मिनिटांना, आणि प्राइमर (मोजायचा भाग निवडणारे डीएनएचे छोटे तुकडे) इन्ट्रॉनवर, म्हणजे आरएनए पक्का होताना कापून टाकल्या जाणाऱ्या भागावर, ठेवले तर ताजा बनत असलेला आरएनए कळतो, जुना साठलेला त्यात मिसळत नाही.

रेनिला कंट्रोलबद्दल दोन शब्द. नॉर्मलायझेशनचं प्लाझ्मिड असं हवं की ग्रोथ फॅक्टरने त्याला काही फरक पडू नये, नाहीतर भागाकाराचा उपयोग काय. काही किटमध्ये रेनिला सीएमव्ही या विषाणूच्या प्रमोटरवर देतात आणि सीएमव्ही स्वतःच सीरमने, फॉर्बोल एस्टरने (पेशी चेतवणाऱ्या रसायनाने) हलू शकतो. मग वरचा आकडा वाढतो, खालचाही वाढतो आणि उत्तर येतं काहीच झालं नाही. मला मिळालेल्या डब्यात टीके प्रमोटर होता, तो तुलनेने शांत, पण त्याच्यावरही डोळे झाकून विश्वास नको. कच्चे आकडे नेहमी बघा, नुसतं रेशो बघून पुढे जाऊ नका.

आता किटचं खरं सोनं: म्युटंटची ट्यूब. बरेच लोक ती उघडत पण नाहीत, कशाला वेल वाया घालवायची म्हणून. अहो तीच तर वेल आहे. प्लाझ्मिडचा सांगाडा, म्हणजे एसआरई सोडून उरलेला सगळा डीएनए, तो कधीकधी स्वतःच सिग्नलला प्रतिसाद देतो, त्यात नकळत एपी-१ सारखी, सिग्नलला उत्तर देणारी दुसरी प्रोटीन्स बसायच्या जागा लपलेल्या असतात. कार्गमधले मोजके बेस बदलल्यावर रिस्पॉन्स गेला तरच म्हणता येईल की जे दिसलं ते एसआरईमुळे दिसलं. ही ट्यूब नसलेलं किट स्वस्त पडत असेल तरी घेऊ नका.

आणि माझी इच्छा आहे की म्युटंट एक नको, दोन हवेत. एक कार्ग मोडलेला, दुसरा फक्त टीसीएफची शेजारची जागा मोडलेला. कारण एसआरएफकडे येणारे रस्ते दोन आहेत. एक वर सांगितला तो ईआरके आणि एल्क-१ चा. दुसरा रोए नावाच्या जी-प्रोटीनचा, १९९५ मध्ये हिल, विन आणि ट्रिस्मन यांनी दाखवला की टीसीएफ नसतानाही सीरम एसआरएफला जागं करतं आणि ते रोएमार्गे. पण रोए नेमकं काय करतं ते कळायला २००३ उजाडलं, आणि उत्तर भन्नाट निघालं: ॲक्टिन. पेशीत सुटे ॲक्टिन रेणू एमआरटीएफ नावाच्या प्रोटीनला धरून ठेवतात, रोएमुळे सुटं ॲक्टिन धाग्यांमध्ये ओवलं गेलं की एमआरटीएफ मोकळं होतं, केंद्रकात जातं, एसआरएफला चिकटतं. म्हणजे पेशीचा सांगाडा कसा आहे यावर जीन चालू होतात. २०१४ मध्ये तर फायब्रोब्लास्टमध्ये सीरमला मिळणाऱ्या पहिल्या प्रतिसादात हा दुसरा रस्ताच वरचढ असल्याचं दिसलं. फॉसवरून सगळं शिकलेल्या आमच्यासारख्यांना हे पचायला जडच गेलं.

याचा किटशी संबंध असा की बाजारात दोन प्रकार मिळतात आणि नावं इतकी सारखी की गोंधळ नक्की. एकात टीसीएफची जागा ठेवलेली असते, ते मुख्यतः ईआरकेचं ऐकतं. दुसऱ्यात ती जागा काढलेली असते, ते रोए आणि ॲक्टिनचं ऐकतं. ईजीएफवर काम करायचं असेल तर पहिलं. पेशींचा आकार, ताण, हालचाल यावर काम असेल तर दुसरं. शेल्फवर दुसरं ठेवून ईजीएफ टाकत बसलात तर फारसं काही दिसणार नाही आणि किट बिघडलंय म्हणून मेल जाईल. तपासायला सोपं आहे, लॅट्रन्क्युलिन (ॲक्टिनचे धागे बनू न देणारं औषध) टाकून बघा, दुसऱ्या प्रकारचा रिस्पॉन्स त्याने खाली बसतो.

आता ब्रोशरमधल्या त्या वाक्याकडे येते ज्यामुळे लिहायला बसले. "अत्यंत कॉन्झर्व्ह्ड सिक्वेन्स, म्हणून नैसर्गिक जीनचं विश्वासू प्रतिबिंब." कॉन्झर्व्ह्ड म्हणजे वेगवेगळ्या प्राण्यांमध्ये जवळपास तसाच टिकून राहिलेला. यातलं "म्हणून" मला मान्य नाही. क्रम टिकून राहिलाय याचा अर्थ तो बदलला की त्या प्राण्याचं काहीतरी नुकसान होत असावं, एवढाच अंदाज. तो एकटा पुरेसा आहे असं त्यातून निघत नाही. फॉसच्याच प्रमोटरमध्ये टिकून राहिलेल्या जागा बघा: एसआरईच्या अलीकडे, आरएनए सुरू होतो तिथून साधारण ३४५ बेसवर, एक जागा जिथे स्टॅट प्रोटीन बसतात, एसआरईला अगदी खेटून एपी-१ सारखी जागा आणि सुरुवातीपासून ६० बेसवर क्रेब नावाचं प्रोटीन बसायची जागा. सुटं प्लाझ्मिड घेऊन पेशीत तपासलं की यातली प्रत्येक जागा आपापलं काम करताना दिसते, एक सीरमचं, एक कॅल्शियम-सायक्लिक एएमपीचं, मस्त वाटण्या. मग १९९५ मध्ये रॉबर्टसन आणि टॉम करन यांच्या गटाने हेच म्युटेशन असलेले फॉस रिपोर्टर उंदरांमध्ये टाकून बघितले, पूर्ण जिवंत प्राण्यात, आणि वाटण्या कोसळल्या. कुठलीही एक जागा मोडा, रिस्पॉन्स जवळपास सगळीकडे पडतो. या जागा एकमेकींवर अवलंबून काम करतात. मग त्यातली एक उचलून पाच वेळा चिकटवली तर प्रतिबिंब विश्वासू कसं म्हणायचं? शिवाय प्लाझ्मिडला खऱ्या जीनसारखं क्रोमॅटिन (प्रोटीनभोवती गुंडाळलेल्या डीएनएची रचना) नसतं, आणि फॉसच्या आजूबाजूला हजारो बेस लांब बसलेले एन्हान्सर (लांबून जीनचा जोर वाढवणारे डीएनएचे तुकडे) आहेत, न्यूरॉनमध्ये वेगळ्या उत्तेजनाला वेगळे एन्हान्सर कामाला येतात, त्यांचा तर इथे पत्ताच नाही. लेन्टीव्हायरसवाली (विषाणूमार्फत डीएनए घालणारी) आवृत्ती घेतली तर तुकडा क्रोमोसोममध्ये शिरतो हे खरं, पण कुठे शिरेल ते नशिबावर.

उलट बाजूही सांगते, नाहीतर वाटेल की कॉन्झर्वेशनला मी काही मानतच नाही. मी कुठलाही नवा प्रमोटर हातात आला की आधी यूसीएससी जीनोम ब्राउझर उघडते, १०० पृष्ठवंशी प्राण्यांची तुलना दाखवणारा ट्रॅक लावते आणि टेकड्या, म्हणजे जास्त टिकून राहिलेले भाग, कुठे दिसतात ते बघते. फुकट आहे, २००० सालापासून चालू आहे, आणि फॉसजवळ गेलात तर एसआरईची टेकडी दिसते, आसपासचा डीएनए करोडो वर्षांत बदलत गेला आणि एवढा छोटा तुकडा तग धरून राहिला हे डोळ्यांनी दिसतं. पहिली जागा कुठे शोधायची ते यावरून ठरतं आणि त्यात वेळ प्रचंड वाचतो. पण २००४ मध्ये माणूस, उंदीर आणि घुशीसारख्या रॅटमध्ये २०० बेसपेक्षा लांब, एकही अक्षर न बदललेले ४८१ तुकडे सापडले, सगळ्यांना वाटलं यांना हात लावला तर प्राणी जगणारच नाही, आणि २००७ मध्ये त्यातले चार निवडून एकेक करून उंदरांतून काढले तर उंदीर जगले, पिल्लंसुद्धा झाली. नंतर २०१८ मध्ये मेंदूच्या विकासाजवळचे असे तुकडे काढल्यावर मेंदूत दोष दिसले, म्हणजे काम होतं, फक्त पटकन दिसणारं नव्हतं. तर टेकडी दिसली म्हणजे इथे काहीतरी आहे, एवढं. काय आहे ते मोडून बघितल्याशिवाय कळत नाही. आणि तग न धरलेल्या जागाही काम करतात हे वेगळंच, कार्ग बॉक्ससारखे दहा अक्षरी तुकडे जीनोममध्ये योगायोगाने अनेक ठिकाणी येतात, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी एसआरएफ ढुंकूनही बघत नाही, पण काही ठिकाणी बसतं आणि ते फक्त एखाद्याच प्राण्यात.

मग घ्यायचं कुणी? ज्यांच्याकडे औषधांची किंवा म्युटंट रिसेप्टरची मोठी यादी आहे आणि ईआरकेचा रस्ता कुठे अडतोय ते पटकन चाळून काढायचंय, त्यांनी डोळे मिटून घ्या, ९६ वेलच्या प्लेटवर इतकं सुटसुटीत दुसरं काही नाही. रिसेप्टर खरंच काम करतो का हे बघायलाही उत्तम. एखादा नवा, टिकून राहिलेला तुकडा सापडलाय आणि तो ग्रोथ फॅक्टरला उत्तर देतो का बघायचंय, तर किटमधलं एसआरई प्लाझ्मिड पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून ठेवा आणि आपला तुकडा त्याच सांगाड्यात घाला, मग तुलना न्याय्य होते. ज्यांना खऱ्या जीनबद्दल बोलायचंय त्यांनी क्रिस्परने (डीएनएची अक्षरं नेमक्या जागी बदलायच्या तंत्राने) त्याच जागेवर, क्रोमोसोममध्येच, कार्गचे दोन-चार बेस बदलावेत आणि आरएनए मोजावा, काम जास्त आहे, पण त्याला पर्याय नाही. आणि शिकवण्यासाठी घेताय तर म्युटंटसकट घ्या, मुलांना दोन वेल शेजारी ठेवून दाखवा, एकात आकडा उसळतो आणि शेजारी चार अक्षरं बदललेली तर मेल्यासारखी पडलेली, कुठल्याही लेक्चरपेक्षा ते जास्त लक्षात राहतं.

पाचपैकी साडेतीन देते. अर्धा कापला ब्रोशरच्या त्या "म्हणून" साठी आणि चित्रासाठी, अर्धा दुसरं म्युटंट नाही म्हणून, अर्धा मॅन्युअलच्या मोघमपणासाठी. कस्टमर सपोर्टला मी प्लाझ्मिडचा पूर्ण सिक्वेन्स मागितला होता, पहिल्यांदा नुसता नकाशा पाठवला ज्यात एसआरईच्या जागी रंगीत बाण होता आणि अक्षर एकही नाही. परत मागितल्यावर पूर्ण फाइल आली आणि त्यात टीसीएफची जागा पाचही कॉप्यांमध्ये शाबूत होती. तुम्ही घेणार असाल तर ही फाइल ऑर्डर द्यायच्या आधीच मागा, आणि कार्गच्या अलीकडे ए-जी-जी-ए-टी-जी-टी हा तुकडा आहे का ते स्वतः वाचून घ्या.